यशवंतनं मटण सोडलं नव्हतं

यशवंत गेला त्याला आता सहा आठवडे होतील. सकाळी आठच्या सुमारास त्याच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा फोन आला. "सर, डॉक्टर गेले," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू ठेवला. पलीकडून मला पंख्याचा आवाज ऐकू येत राहिला... लातुरात मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, पाच मिनिटांत पोचलो. त्या दिवसाबद्दल मला फार काही लिहायचं नाही. माणूस गेल्यावर जे होतं ते झालं. लोह्याहून नातेवाईक आले, त्याला गावी नेलं, भन्तेजींनी वंदना घेतली, मी संध्याकाळी परत आलो. मला लिहायचंय ते त्यानंतर दोन आठवड्यांनी लातुरात झालेल्या शोकसभेबद्दल. त्या सभेतून जो राग घेऊन मी बाहेर पडलो तो अजून उतरलेला नाही, आणि त्यातला निम्म्याहून जास्त राग माझ्या स्वतःवरच आहे.

यशवंत पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होता. हुद्दा काहीही असो, गावोगावचे लोक त्याला डॉक्टरच म्हणत. उभी हयात त्यानं गाई-म्हशी, शेळ्या, बैल आणि कुणी न बोलावता रस्त्यावरची कुत्री यांच्यात घालवली. सभेत पहिल्या वक्त्यानं सांगितलं, "ते मांसाहारी असूनही जनावरांवर पोटच्या लेकरासारखं प्रेम करायचे." दुसऱ्यानंही तेच सांगितलं, त्याच 'असूनही'सकट. जणू काही माणूस लंगडा असूनही पळाला! मग यशवंतचे शेवटचे घरमालक उठले. चांगला गृहस्थ, निवृत्त अधिकारी, आवाज मऊ. म्हणाले, "एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. आमच्याकडे राहायला आले तेव्हा डॉक्टर पूर्ण शाकाहारी झाले होते. प्राण्यांवर खरं प्रेम असलं की एक दिवस हे आपोआप सुटतंच." सभागृहात माना डोलल्या. कुणीतरी 'वा' म्हणालं. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी दुसऱ्या रांगेत होतो. हे धादांत खोटं आहे हे मला पुरतं माहीत होतं, कारण ते खोटं मीच तयार केलं होतं.

म्हणून आधीच सांगून टाकतो. यशवंतनं मटण सोडलं नव्हतं. तो लोह्याकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध घरातला होता, लहानपणापासून खात होता, आवडीनं खात होता आणि कुणापासून लपवत नव्हता. हा लेख ते खोटं परत घेण्यासाठी आहे. घरमालक वाचतीलच, त्यांच्याकडे हा पेपर येतो.

आमची ओळख तीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा मी अहमदपूरला शाळेत विज्ञान शिकवायचो. वडिलांनी हौसेनं म्हैस पाळली होती. ती व्याली, पण रेडकू नर निघालं आणि सगळ्यांचा विरस झाला. पुढं त्याचा उपयोग काय? महिन्याभरात ते रेडकू उठेना. जुलाब लागले असतील असं समजून मी सरकारी दवाखान्यात गेलो आणि नुकत्याच बदलून आलेल्या यशवंतला घेऊन आलो. घोट्यापर्यंत चिखलाचे बूट, खांद्याला रेक्झिनची पिशवी. तो रेडकाजवळ उकिडवा बसला, पापणी वर करून पाहिली, बरगड्यांवरून हात फिरवला आणि वर न बघताच म्हणाला, "जुलाब न्हाईत याला. भूक हाय. याच्या वाटचं दूध कोन पितंय?" आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "डॉक्टर, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही." त्यानं मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्यात आईनं चहा आणला, गोठ्याच्या भिंतीवर गडीमाणसांसाठी वेगळा ठेवलेला असायचा त्या स्टीलच्या पेल्यात. त्यानं पेला पाहिला, पेल्यातला चहा पाहिला आणि हात जोडून परत केला. "माझ्या चहाचं दूध त्याला पाजा, आई," म्हणाला.

रेडकू चौथ्या दिवशी मेलं. गवळ्यानं सुचवलं आणि वडिलांनी त्याच्या कातड्यात भुस्सा भरून घेतला. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून ते भरलेलं रेडकू धार काढताना तिच्यासमोर उभं करायचे. ती त्याला चाटायची, आणि आम्ही दूध काढायचो. पंधरा दिवसांनी तिचे सड सुजले म्हणून यशवंत पुन्हा आला, तेव्हा ती चाटतच होती. त्यानं औषध लावलं, इंजेक्शन दिलं, हात धुतले आणि निघताना दारात थांबून म्हणाला, "अंडं बी येत न्हाई म्हनला होता न्हवं, सर?" आवाज चढवला नाही, टोमण्याचा सूरही नव्हता. मला आयुष्यात इतकं कुणी मारलेलं नाही. त्या संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर माफी मागायला गेलो आणि तिथून आमची दोस्ती सुरू झाली. तो वयानं माझ्याएवढाच, पण मी त्याला पहिल्या महिन्यातच 'तू' म्हणायला लागलो आणि तो मला शेवटपर्यंत 'सर' आणि 'तुमी'. मी एकदा-दोनदा म्हणालो, अरे, तू म्हण की. पण धरून बसलो नाही. खरं सांगायचं तर मला ते 'सर' आवडायचं.

त्याच्याबरोबर मी किती फिरलो त्याला हिशेब नाही. सुट्टीच्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसायचं आणि तो जाईल तिकडं जायचं. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू वळवताना मी त्याला पाहिलंय, आणि ते वासरू मेलेलं निघाल्यावर बांधावर जाऊन एकटाच बसलेलंही पाहिलंय. आणि एकदा लोह्याच्या बाजारात काय झालं तेही पाहिलंय. एक जण मोटारसायकलच्या हँडलला दोन बकरी पाय बांधून उलटी लटकवून निघाला होता. यशवंतनं गाडी आडवी घातली, भर बाजारात त्या माणसाची गचांडी धरली, बकरी खाली उतरवली, पाय सोडले आणि कुणाच्या तरी टपरीवरची बादली आणून त्यांना पाणी पाजलं. अर्धा तास भांडण चाललं होतं. ते मिटल्यावर हा पठ्ठ्या शांतपणे खाटकाकडं गेला आणि त्यानं अर्धा किलो मटण घेतलं!

मी चिडलो. म्हणालो, "यशवंत, लाज वाटते का रे काही? आत्ता ज्याच्यासाठी गळा काढलास, त्याच्याच भावाला पिशवीत घालून चाललास?"

"वाटते की," तो म्हणाला. "पन मी खातो म्हनून तर भांडलो, सर. खायाचंय मला, तर त्याची तकलीफ माझ्या अंगावर हाय. तुमी खात न्हाई, तुमी निवांत. तुमी कुटं बघून राहिले होते मघा? केळ्याच्या गाड्याकडं."

ते खरं होतं. बकरी लटकलेली दिसताक्षणी मी तोंड फिरवलं होतं. मला जनावरांचे हाल बघवत नाहीत असं मी नेहमी सांगायचो, आणि न बघणं म्हणजेच दया असं माझं पक्कं झालं होतं. यशवंतला माझा हा गुण चांगला ठाऊक होता.

पुढे त्याची बदली इस्लापूरला झाली. मी एकदा दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेलो होतो. सहस्रकुंडाच्या खडकांवर बसलो असताना मी पुन्हा तोच विषय काढला, या वेळी जरा आदरानं. त्यानं समोरच्या धबधब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दर पौर्निमेला विहारात पंचशील म्हनतो, सर. पहिलंच शील, जीवहिंसा करनार न्हाई. दर वेळेला तिथं जीभ अडखळते माझी. भन्तेजींना बी सांगितलंय. जवाब न्हाई माझ्याकडं. म्हनायचं सोडवत न्हाई अन खायचं बी सुटत न्हाई. फक्त अडखळल्याबगर कधी म्हनलं न्हाई, येवढंच." मी मास्तरी थाटात म्हणालो, मग सोडून दे ना, सोपं आहे. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर भडकला. "सोपं? माझ्या आज्यानं मेलेलं ढोर वडायचं सोडलं, ते खायचं सोडलं. दीक्षा घेतल्याबरोबर सोडलं. गावानं पानी बंद केलं, काम बंद केलं, उपाशी राहिले पन पुन्हा हात लावला न्हाई. तवा कुनी शाबास म्हनलं का? आमी काय खायचं, काय टाकायचं ते आमी ठरवलेलं हाय, सर. उद्या सोडीन बी. पन माझं मन म्हनंल तवा. तुमी शाबासकी द्याल म्हनून न्हाई." माणूस अपराधी वाटून घेऊनही ताठ राहू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आमच्या भागात पोळ्याला बैलाची पूजा करतात, पुरणपोळी चारतात. तोच बैल म्हातारा झाला, सांभाळवेनासा झाला की त्याला हायवेच्या कडेला सोडून येणारी माणसंही मी पाहिली आहेत. पोटात प्लास्टिकच्या पिशव्या, पायात ट्रकनं केलेल्या जखमा. अशा बैलांमागं निवृत्त झाल्यावरही यशवंत स्वतःची औषधं घेऊन हिंडायचा. ज्यांनी बैल सोडला ते पूर्ण शाकाहारी आणि ज्यानं त्याच्या जखमेतल्या अळ्या काढल्या तो 'मांसाहारी असूनही'! वाक्य करायचंच होतं तर ते उलटं का नाही केलं कुणी? 'शाकाहारी असूनही त्यांनी बैल रस्त्यावर सोडला' असं वाक्य मी जन्मात ऐकलं नाही. आणि मी मराठी नाही, विज्ञान शिकवायचो, तरी मला हे कळतं.

मागच्या वर्षी त्याला यकृताचा कॅन्सर निघाला. उपचार लातूरला. दर आठवड्याला लोह्याकडून ये-जा करणं त्याच्या अंगात राहिलं नव्हतं, लेक नांदेडला नर्स, तिला रोज येणं शक्य नव्हतं. दवाखान्याजवळ खोली हवी होती. आता वाचणाऱ्याच्या मनात जे येईल ते मीच विचारतो. माझ्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. मुलं परगावी, घरात आम्ही दोघंच. मग मी त्याला माझ्या घरी का नेलं नाही? बायकोला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणेल असं मी स्वतःच ठरवून टाकलं. नंतर तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला विचारून तर बघायचं." तीस वर्षांची दोस्ती, त्याच्या घरी गेलो की मला नेमका उपास निघायचा, आणि त्यानं एकदाही विचारलं नाही की सर, तुमचे उपास माझ्याच गावाला कसे येतात...

तर मी त्याच्यासाठी खोली शोधली. हे घरमालक माझे सकाळी फिरायचे सोबती. रोज खिशात बिस्किटं घेऊन येतात, गल्लीतली सगळी कुत्री त्यांच्या मागं असतात. दारावर पाटी आहे, 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी'. मला म्हणाले, "मी जात विचारत नाही हो सर, मी तसला माणूस नाही. फक्त खाण्याचं विचारतो." मी एका दमात म्हणालो, "छे, छे, त्यानं सोडलंय. दोन वर्षं झाली." खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही. यशवंतला जिन्यात कानाशी सांगितलं, थोडे दिवस सांभाळून घे. तो कठड्याला धरून दम खात उभा होता. हसला आणि म्हणाला, "म्हंजे मरायच्या आदीच शुद्ध करून टाकलं म्हना की मला." मीही हसलो. मला तो विनोदच वाटला.

औषधांनी त्याची चव गेली. खिचडी, पेज, ताक, काही पोटात ठरेना. एक दिवस दुपारी मी गेलो तर तो चक्क उठून बसला होता. वहिनींनी कुठून तरी पावशेर मटण आणून त्याचं आळणी केलं होतं. आजारी माणसाला देतात तसलं, नुसतं हळद-मिठाचं पाणी. त्यात भाकरी कुस्करून तो खात होता. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा खात होता. वहिनींच्या चेहऱ्यावर मी महिन्याभरात पहिल्यांदा हसू पाहिलं. आणि मी काय बोललो? मी चप्पल काढता काढता म्हणालो, "वहिनी, वास जिन्यापर्यंत येतोय हं."

एवढंच. मला वाटलं मी त्यांच्या भल्याचंच सांगतोय. त्याचा हात वाटीतच थांबला. वहिनी झटकन उठल्या आणि खिडकी लावायला धावल्या. यशवंतनं वाटी सावकाश बाजूला सरकवली, पाण्यानं बोटं धुतली आणि म्हणाला, "बराबर हाय सरचं. दुसऱ्याच्या घरात हाव आपन." मग भिंतीला टेकून माझी, माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. त्यानंतर तो अकरा दिवस जगला.

शोकसभेत मी उठायला हवं होतं. नुसतं उभं राहून 'हे खरं नाही, मी खोटं सांगितलं होतं' एवढी दोन वाक्यं. पाच पावलांवर माईक होता. वर्गात साठ पोरांना गप्प करणारा माझा आवाज त्या दिवशी कुठं गेला होता? कारण माझं नाव खराब झालं असतं, सकाळची फेरी अवघड झाली असती. ज्यानं माझ्या घरच्या रेडकाची भूक एका नजरेत ओळखली, त्याच्या नावावर लोकांनी एक खोटा सद्गुण चिकटवला आणि मी मांडीवर हात ठेवून बसून राहिलो. घरमालकांवर मी रागावतो, पण त्यांनी तरी जे ऐकलं तेच सांगितलं.

मागच्या रविवारी वहिनी खोली रिकामी करायला आल्या. सामान फार नव्हतं. एक खाट, गॅसची शेगडी, चार भांडी, औषधांचा डबा. मी मदतीला गेलो होतो आणि मनात ठरवून गेलो होतो की आज त्यांना सगळं सांगायचं. सांगितलं. सभेत बोललं गेलं ते माझ्यामुळं, मीच तसं सांगितलं होतं, आता मी पेपरात लिहून ते खोडून काढणार आहे. वहिनी भांडी पोत्यात भरत होत्या. "आमाला ठावंच होतं की, सर," म्हणाल्या आणि भरत राहिल्या.

स्वयंपाकाच्या ओट्यावर एक खिडकी आहे, लोखंडी चौकटीची, नीट न बसणारी. तिच्या फटींमध्ये वरपासून खालपर्यंत चिंध्या कोंबलेल्या होत्या. यशवंतच्या जुन्या बनियनच्या, लुंगीच्या, चमच्याच्या टोकानं घट्ट दाबून बसवलेल्या. दाराच्या खालच्या फटीतही होत्या. मी इतक्या वेळा आलो, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी विचारलं, "हे कधी केलं, वहिनी?"

"तुमी वासाचं बोलून गेलात न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मला थोडं बरं वाटलं. म्हणजे माझ्या बोलण्यानं सगळंच थांबलं नव्हतं. मी म्हणालो, "मग केलं ना पुन्हा आळणी? खाल्लं ना त्यानं?"

वहिनींनी पोत्याचं तोंड बांधलं, मग माझ्याकडे पाहिलं. "केलं की. तीनदा केलं. लेकीनं नांदेडहून आनून दिलं एकदा. हात जोडले त्यांना. वास न्हाई जात भाईर, खा म्हनलं. तोंडाजवळ बी येऊ दिलं न्हाई." त्यांनी पोतं दाराकडे सरकवलं. "म्हनले, सरनी शब्द दिलाय मालकाला, मी सोडलंय म्हनून. त्यांचा शब्द खोटा पडू नये."

खाली घरमालक कुणाला तरी खोली दाखवायच्या वेळेबद्दल फोनवर सांगत होते. वहिनींनी हातानं डोळे पुसले आणि स्टूल ओढलं. "सरका, सर. चिंध्या काढून टाकते, खोली साफ करून द्यावी लागंल."

"नको," मी म्हणालो, "तुम्ही बसा. त्या मीच कोंबल्यात." आणि स्टुलावर चढून मी एकेक चिंधी ओढून काढायला लागलो.